'रेस्ट' या शब्दाखाली आणखी एक ओळ लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या समस्त डॉक्टरमंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हृदयाचे डॉक्टर, एमडी फिजिशियन, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय अधिकारी आणि गावोगावचे फॅमिली डॉक्टर, अशा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. मीही तुमच्याच पंगतीतली, फक्त शेवटच्या पानावरची. फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरची सून, दवाखाना शहरात. गुडघे, कंबर आणि लकवा यांतच माझा दिवस जातो. हृदयाचा पेशंट माझ्याकडे कुणी पाठवत नाही, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

आधी मामंजींचं सांगते. गेल्या वर्षी ऐन सुगीत त्यांना ॲटॅक आला. भात कापून शेतात पडलेलं, वर ढग, आणि हे बांधावर छाती धरून बसलेले. शहरातल्या एका रुग्णालयात स्टेंट बसला, जीव वाचला. वाचवणाऱ्यांचे उपकार आहेत, ते आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायचा. आठ दिवसांनी घरी आणलं तेव्हा टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के होतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, दोन पानी. सात गोळ्यांची नावं, त्यांच्यापुढे १-०-१ चे आकडे, पंधरा दिवसांनी दाखवा. आणि अगदी तळाशी एकच शब्द: रेस्ट. किती दिवस, कसली, कुठवर, यातलं काही नाही.

गोळी किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे जिथं नेमकं लिहिलंय, त्याच कागदावर आरामाला मात्र माप नाही. मग ते माप घरच्यांनी ठरवलं. सोप्यात खाट पडली. 'पंपिंग कमी आहे' म्हटल्याबरोबर शेजारपाजारच्या बायका आमच्या दारात हळू आवाजात बोलायला लागल्या. मामंजी पाणी प्यायला उठले तरी सासूबाई तांब्या घेऊन धावायच्या. न्हाणीत पाटावर बसवून अंघोळ. माणूस तालमीत घुमलेला, लाल मातीत वाढलेला. चार महिन्यांत त्यांच्या पोटऱ्या अशा उतरल्या की लुंगीखाली नडगीची धार दिसायची. संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडे आणि सावकाश भरे. खाटेपासून मागच्या न्हाणीपर्यंत बावीस पावलं. पंधराव्या पावलाला त्यांचा हात भिंतीवर जायचा.

आणि मी काय केलं? गप्प बसले. लिहायला लाज वाटते. शिकताना हृदयरोग्यांच्या व्यायामावर पेपर दिलाय, मार्कही बरे होते. पण घरचा पेशंट, त्यात सासरा, कार्डावर मोठ्या डॉक्टरांची सही. सुनेनं 'उठा, चाला' म्हणायचं आणि काही बरंवाईट झालं तर आयुष्यभर कोण ऐकून घेणार? शिमगा होईपर्यंत मी फक्त गोळ्या मोजून दिल्या.

शिमग्यानंतरच्या तपासणीला मीच बरोबर गेले आणि धीर करून विचारलं, "सर, यांना चालवू का?" डॉक्टरांनी इकोच्या कागदातून मान वर केली. "म्हणजे? चालत नाहीत की काय?" कार्डावर रेस्ट लिहिलंय म्हटल्यावर ते म्हणाले, "अहो, ते घरी सोडतानाचं. पोती उचलू नका, एवढाच अर्थ."

चार महिने, डॉक्टरसाहेब. एका शब्दाच्या दोन अर्थांत माझ्या सासऱ्याचे चार महिने गेले.

यात तुम्हालाच दोष द्यावा असंही नाही. हृदय कमजोर म्हणजे झोपून राहा, हा सल्ला एके काळी पुस्तकांतलाच होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९८८ साली पंपिंग खूप कमी असलेल्या पेशंटांना व्यायाम देऊन पाहिला गेला आणि त्यांची ताकद वाढली, तिथून वारं फिरायला लागलं. पुस्तकं बदलून आता बरीच वर्षं झाली. आपल्या कार्डावरचा शब्द तेवढा राहिला.

आता रक्तवाहिन्यांबद्दल. तुम्हाला हे पाठ आहे. पण पत्र खुलं आहे आणि पेशंटच्या घरचेही वाचतील, म्हणून मामंजींना सांगितलं तसंच सांगते. आपण पेशंटला सांगतो, रक्तवाहिनी म्हणजे नळी. कचरा अडकला होता, स्टेंट घातला, मोकळी झाली. सोपं आहे, पटतंही. पण या नळीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम, आणि ते जिवंत असतं. रक्त त्याला घासून वाहतं तेव्हा ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानं नळीभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि नळी रुंदावते. नळी सैल पडण्यात अस्तराचा हात असतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्शगॉट यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं. अस्तर शाबूत असलं तर असिटिलकोलीन नावाचं औषध घातल्यावर पट्टी सैल व्हायची; अस्तर खरवडून काढलं की तेच औषध पट्टी आवळायचं. सैल करणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे काही वर्षांनी कळलं आणि १९९८ चं नोबेल फर्शगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना विभागून मिळालं.

पंपिंग कमी झालं की रक्ताचा ओघ मंदावतो. ओघ मंद म्हणून अस्तराला घासणं कमी, घासणं कमी म्हणून नायट्रिक ऑक्साइड कमी. त्यात शरीर घाबरून ॲड्रिनलीन, अँजिओटेन्सिन असली रसायनं वाढवतं आणि ती नळ्या आणखी आवळतात. मामंजींना म्हटलं, विहिरीवरची मोटार आधीच थकलीय, आणि पाइपाच्या तोंडावर कुणीतरी बोट धरलंय. वरून तुम्ही खाटेवर पडून, म्हणजे पाणी मागणारं रानच बंद केलंय. त्यांनी विचारलं, "मग मोटार बदलायची?" मोटार आहे तीच ठेवायची, बोट काढायचं.

हे बोट काढण्याचं काम गोळ्याही करतात, त्या बंद करायच्या असा अर्थ कुणी काढू नये. पण चालण्यानं, सायकलनं, म्हणजे मोठे स्नायू एका लयीत बराच वेळ हलवणाऱ्या व्यायामानं ओघ वाढतो, अस्तर घासलं जातं आणि ते पुन्हा कामाला लागतं. जर्मनीत लाइपझिगला राइनर हॅम्ब्रेख्त यांच्या गटानं १९९८ मध्ये हे हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर झालेल्या, २० पेशंटांत तपासलं. व्यायामाच्या गटाकडून सहा महिने सायकल मारून घेतली. पायाच्या रक्तवाहिनीचं अस्तर असिटिलकोलीनला पुन्हा नीट दाद देऊ लागलं, आणि ज्यांचं अस्तर जास्त सुधारलं त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही साधारणपणे जास्त वाढलेली निघाली. त्याच लाइपझिगातून २००१ मध्ये आलेला अभ्यास तर मला फारच आवडतो. चार आठवडे सायकल मारली पायांनी, आणि सुधारली हाताची रक्तवाहिनी, जिथं आपण नाडी बघतो तीच. म्हणजे हलले पाय आणि फायदा गेला अंगभर.

उलट बाजूही आहे. १९९६ मध्ये जर्मनीतच पेशंटांना नुसता मूठ आवळण्याचा व्यायाम चार आठवडे दिला होता. हाताची रक्तवाहिनी सुधारली, आणि व्यायाम थांबवल्यावर सहा आठवड्यांत होती तशी झाली. हे ऐकून मामंजी पहिल्यांदा मोकळं हसले. "हे तालमीगतच की गं पोरी. मेहनत सोडली की अंग उतरतंय." एवढी वर्षं मी पेशंटांना रोजच्या व्यायामाचं महत्त्व पटवतेय, इतकं नेटकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

फुगवून सांगायला नको म्हणून हेही लिहिते. सगळ्यात मोठा अभ्यास, एचएफ-ॲक्शन, २००९ मध्ये आला. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधले २,३३१ पेशंट. मृत्यू किंवा भरती व्हावं लागणं यांत सरळ हिशेबानं ठोस फरक पडला नाही. आजाराची तीव्रता वगैरे जमेला धरल्यावर थोडी घट दिसली. पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि पेशंटांचं रोजचं जगणं सुधारलं. सांगितलेला व्यायाम पुरा करणारे तिथंही कमीच निघाले, हेही खरं. तेव्हा चालल्यानं आयुष्य वाढेलच असं वचन मी देत नाही. न्हाणीपर्यंत भिंत न धरता जाता येईल, हे मात्र बऱ्याच जणांच्या बाबतीत म्हणता येतं, आणि ज्याला ते येत नाही त्याला विचारा त्याची किंमत.

आमचं गाडं कसं चाललं ते थोडक्यात. चांगळेश्वरीच्या देवळाच्या आवारात टेप लावून ३० मीटर मोजले, दोन टोकांना दोन विटा ठेवल्या. सहा मिनिटांत किती चालता येतं ते बघायची ही जगभरची साधी चाचणी. टेप, घड्याळ आणि बसायला एक खुर्ची, बाकी काही लागत नाही. पहिल्या दिवशी १९० मीटर, मध्ये दोनदा थांबून. मग पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत आलो. जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस लागला, तेव्हा सोप्यातल्या सोप्यात येरझाऱ्या. खाट उभी करून भिंतीला लावली, तेवढीच चार पावलं जास्त मिळाली.

जुलैत एकदा फसगत झाली. पाहुण्यांकडच्या जेवणात पापड, लोणचं, सुकी मासळी असं खारट सगळं झालं, आणि तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वर. रात्री श्वासासाठी दोन उशा लागायला लागल्या. चालणं तिथंच थांबवलं, डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली, आठवड्यानं पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात. गणपतीपर्यंत सहा मिनिटांत ३१५ मीटर झाले, न थांबता. पंपिंग किती झालं म्हणाल, तर ३२. मोटार जवळजवळ आहे तिथंच आहे. एका माणसावरून शास्त्र होत नाही हे मला कळतं. पण पंपिंगचा आकडा आणि माणसाची चालण्याची ताकद यांचा मेळ फारसा बसत नाही, हे तुमच्या-माझ्या पुस्तकांत आहेच, आणि तरी घराघरांत आपण पंपिंगचा आकडाच जन्मठेपेसारखा सुनावतो.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. खानापूरकडची एक बाई माझ्याकडे कंबरेसाठी आली होती. पस्तिशीची, बाळंतपणानंतर हृदय कमजोर झालेलं. चालता का म्हटल्यावर म्हणाली, "घरचं काम काय कमी हाय?" कमी नाहीच. पण कमरेवर भरलेली घागर उचलताना श्वास कोंडतो, बीपी उसळतं, आणि मग अर्धा तास चुलीपुढं बसणं. एका लयीत, आपल्या वेगानं, वीस मिनिटं सलग असं त्यात काहीच नसतं. आणि आपल्या खेड्यांत बाईमाणसानं काम नसताना रस्त्यावरून चालायचं म्हणजे वेशीपर्यंत चार जण विचारणार, "खट्टे चल्लासा?" (कुठं चाललात?) शहरात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी बायका बूट घालून झपाझप चालतात, त्यांना कुणी विचारत नाही. खेड्यात बूटच आधी दिसतो. या बाईनं शेवटी स्वतःच युक्ती काढली: हातात रिकामी पिशवी. पिशवी दिसली की दुकानाला चाललीय असं समजून लोक सोडून देतात. गावाच्या टोकाचं दुकान, जाऊन-येऊन अठरा मिनिटं, दिवसातून दोनदा. दुकानदार चक्रावलाय म्हणे. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका तर दिवसभर सुपावर वाकून बसलेल्या. त्यांच्या कार्डावर 'रेस्ट' लिहायचं म्हणजे बसलेल्याला बस म्हणण्यासारखं आहे. तंबाखू अस्तराचं काय करतो ते वेगळंच.

तेव्हा विनंती एवढीच, की तो शब्द तसाच ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्याखाली एक ओळ लिहा. सपाट जागेवर चाला, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, अमुक तारखेपासून. पुढचं माप फिजिओथेरपिस्टकडून घ्या. गोळीसारखंच, मात्रा घालून. आणि ज्यांना चालवायचं नाही त्यांच्या कार्डावर तेही स्पष्ट लिहा. महाधमनीची झडप फार आकसलेली, ठोके आटोक्यात नसलेले, छातीत दुखणं पुन्हा सुरू झालेलं, अंगात पाणी भरत चाललेलं, ताप असलेला. हे सगळे आधी तुमचे पेशंट, मग माझे. ही निवड तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही, म्हणून तर पत्र तुम्हाला.

नाडीचे आकडे मात्र देऊ नका. वयावरून काढलेलं नाडीचं गणित बीटा-ब्लॉकर चालू असलेल्या माणसाला लागू पडत नाही. गोळीनं नाडी आधीच दाबलेली असते. पेशंट आकडा गाठायला जातो आणि धापा टाकत बसतो. आमच्याकडे साधा नियम आहे: चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, अभंग म्हणता येऊ नये. गप्पा तुटल्या की वेग कमी करायचा, अभंग जमायला लागला की थोडा वाढवायचा. मधूनमधून जोराच्या वेगाचे झटके घेण्याचीही गरज नाही. स्मार्टेक्स नावाच्या युरोपातल्या अभ्यासात २०१७ मध्ये तसल्या जोरकस व्यायामाची साध्या मध्यम व्यायामाशी तुलना झाली, सरस काही ठरलं नाही. जिमची फी वाचली. आणखी एक, पहाटे पाचला चालण्याचा हट्ट या पेशंटांना सोडायला सांगा. मार्गशीर्ष-पौषातली आपली थंडी नळ्या आवळते. ऊन पडू दे, नऊ वाजू दे.

आता थोडं नाजूक. कार्ड इंग्रजीत, आणि माहितीपत्रक असलंच तर कन्नडमध्ये. दुकानावरचा फलक कुठल्या भाषेत असावा यावर आपल्या भागात भांडायला माणसं कमी नाहीत, दोन्हीकडं. उशाला ठेवायच्या कागदाच्या भाषेवर मात्र कुणी मोर्चा काढल्याचं मी पाहिलं नाही. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकल्यात, रोजचा मराठी पेपर अक्षर न सोडता वाचतात. 'तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर चालणं थांबवून लगेच दाखवा' हे वाक्य त्यांना मराठीत मिळालं असतं, तर जुलैत मी दवाखान्यातून येईपर्यंत त्या थांबल्या नसत्या. शेजारच्या कन्नड घरातल्या आजोबांनाही ते त्यांच्या भाषेत मिळायला हवं. अस्तर सगळ्यांचं सारखंच.

कर्नाटक सरकारनं कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदयज्योती योजना आणली. तालुक्याला ईसीजी काढून मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला दाखवायचा, गरज पडली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच मोफत द्यायचं. चांगलं काम आहे. पहिल्या तासात माणूस वाचतो. वाचून घरी आलेल्याला पुढची दहा वर्षं सोप्यातल्या खाटेवर काढायची नसतील, तर त्याला लागणारी सामग्री तालुक्याच्या दवाखान्यात आजही आहे. व्हरांडा आहे. टेप बाजारात मिळते. विटा मी देते.

एका पानाचा मसुदा मी तयार केलाय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड बाजू माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीनं लिहून दिलीय. कधी सुरू करायचं, किती, कुठल्या वेगानं, कधी थांबायचं आणि कुणाला फोन करायचा. फोनची जागा मोकळी सोडलीय, तिथं तुमचा शिक्का बसेल. लाल पेनानं हवं तेवढं खोडा, चुका दाखवा, राग मानणार नाही. कागद घेऊन कुठल्याही वारी तुमच्या दवाखान्यात यायला मी तयार आहे. फक्त सकाळी नऊ ते साडेनऊ सोडून. तेव्हा मी देवळाच्या आवारात असते.

आपली,
येळ्ळूरची एक फिजिओथेरपिस्ट